‘मूळ’ खेळणे म्हणजे नेमके कोणते?

खेळणी-संग्राहकांच्या ज्ञानकोशासाठी लेखनसंकेत ठरवताना आपल्याला पडलेला प्रश्न असा आहे की, नोंदींमध्ये ‘मूळ बाहुली’, ‘मूळ गाडी’ असे लिहावे का, आणि ‘मूळ’ संदिग्ध वाटत असल्यास सर्वत्र ‘अस्सल’ लिहिले तर चालेल का. माझ्या मते खेळण्याच्या नावापुढे ‘मूळ’ हे विशेषण टाळावे. परंतु त्याच्या जागी सरसकट ‘अस्सल’ घातल्यानेही अडचण सुटत नाही, ती केवळ जागा बदलते.

गंमत अशी की व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन शब्द सख्खे भाऊच ठरतात. ‘मूळ’ संस्कृतातून आला आणि ‘अस्सल’ ज्या अरबी ‘अस्ल’वरून आला, त्याचाही अर्थ झाडाचे मूळ असाच आहे. मराठीत मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘अस्सल’ दप्तरात रमला, आणि तिथे त्याची जोडी ‘नक्कल’शी जमली, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ हा कागदपत्रांतला जुना शब्दप्रयोग ही जोडी चांगली दाखवतो. त्यामुळे ‘अस्सल’ म्हटले की वस्तू खरी की खोटी, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘मूळ’ मात्र आजच्या वापरात सर्वांत आधीचे, खरे, न बदललेले आणि ज्यातून दुसरे निघाले ते, असे निदान चार अर्थ वागवतो. बोलताना संदर्भ सोबत असल्याने हे खपून जाते. ज्ञानकोशातली नोंद मात्र वाचकाने एकट्यानेच वाचायची असते.

मॅटेल कंपनीची बार्बी मार्च १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. त्या पहिल्या आवृत्तीतील बाहुलीच्या तळपायांना भोके असून त्यांत तांब्याच्या नळ्या बसवलेल्या होत्या, कारण तिला उभे करण्याच्या बैठकीचे खुंट त्यांत अडकत असत. दुसऱ्या आवृत्तीत ही भोके राहिली नाहीत. पुढे ३५ वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त, १९९४ मध्ये, मॅटेलनेच पहिल्या बार्बीची पुनर्निर्मिती विक्रीस आणली. आता ही १९९४ची बाहुली अस्सल आहे का? निश्चितच आहे, कारण ती त्याच कंपनीने अधिकृतपणे केलेली आहे. पण ती पहिली नाही. उलट, १९५९च्या एखाद्या बाहुलीचे ओठ कुणी नंतर पुन्हा रंगवले असतील, तर ती अस्सलही आहे आणि पहिल्या आवृत्तीतीलही आहे, केवळ तिचा रंग मूळचा नाही. या दोन्ही बाहुल्यांना ‘मूळ बार्बी’ म्हणणारा लेखक खोटे बोलत नसतो, पण वाचकाला काही सांगतही नसतो. म्हणून इथे ‘पहिली आवृत्ती’, ‘पुनर्निर्मिती’ आणि ‘ओठ नंतर रंगवलेले’ असे तीन वेगळे शब्दप्रयोग करावेत. पुस्तकांच्या व्यवहारातून घेतलेला ‘आवृत्ती’ हा शब्द मला इथे चपखल वाटतो. मात्र घडणीत काही बदल झाला असेल तरच तो वापरावा, आणि केवळ उत्पादनाचा काळ वेगळा असेल तर ‘पहिली खेप’, ‘नंतरची खेप’ असे म्हणावे.

याहून अवघड उदाहरण केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ चित्रपटावरून काढलेल्या खेळण्यांच्या मालिकेतील जावाचे, म्हणजे झगा घातलेल्या एका बुटक्या प्राण्याचे, आहे. १९७८ मध्ये आलेल्या या छोट्या आकृतीचा झगा सुरुवातीला व्हिनाइलचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा, होता आणि लवकरच तो कापडी करण्यात आला, त्यामुळे व्हिनाइलच्या झग्याच्या जावाला संग्राहकांत फार मागणी असते. त्याच मालिकेतील बेन केनोबी या दुसऱ्या पात्राच्या आकृतीचा व्हिनाइल झगा कापून जावाच्या अंगावर चढवण्याचे प्रकार त्यामुळेच झाले आहेत. अशा जोडणीत आकृती अस्सल, झगाही केनरचाच, आणि तरीही दोन्ही मिळून होणारी वस्तू बनावट असते. म्हणूनच ‘अस्सल’ हे विशेषणही नोंदीत नेमक्या घटकाला जोडावे, आणि संपूर्ण खेळण्याला ते लावायचे असेल तर सर्व घटक एकमेकांचेच असल्याची खात्री करून लावावे.

मग ‘मूळ’ कुठे शोभतो? एक तर भागांपुढे. ‘मूळ खोके’, ‘मूळ केस’, ‘मूळ चाके’ यांतून खेळणे कारखान्यातून जे घेऊन निघाले ते, एवढाच अर्थ निघतो आणि गोंधळाला जागा राहत नाही. दुसरे म्हणजे उगम सांगताना. हॅस्ब्रो कंपनीने १९८४ मध्ये आणलेल्या ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांच्या मालिकेतील ऑप्टिमस प्राइमचे मूळ ताकारा या जपानी कंपनीच्या डायाक्लोन या खेळणी-मालिकेत आहे, हे वाक्य निर्दोष आहे, कारण कशाचे मूळ ते षष्ठीने स्पष्ट केले आहे. याच खेळण्याबद्दल ‘मूळ ऑप्टिमस प्राइम’ असे लिहिले, तर एक वाचक १९८४चे खेळणे समजेल आणि दुसरा त्याचा डायाक्लोनमधील पूर्वावतार.

‘नक्कल’ आणि ‘बनावट’ यांतही फरक राखावा. नक्कल करणाऱ्याचा हेतू फसवण्याचाच असतो असे नाही, ‘बनावट’ या शब्दात मात्र तो आरोप आहे. पुरावा हाती नसेल तर पहिल्या शब्दावर थांबलेले बरे.

सालांबद्दलही एक सूचना करावीशी वाटते. अनेक बार्बींच्या धडावर ‘१९६६’ असा ठसा असतो, पण ते त्या धडाच्या रचनेच्या हक्कनोंदीचे (कॉपीराइटचे) साल आहे आणि पुढे कित्येक दशके बनलेल्या बाहुल्यांवरही ते आढळते. त्यामुळे ‘१९६६ची मूळ बाहुली’ या शब्दांत साल आणि विशेषण दोन्ही एकाच वेळी चुकू शकतात. ‘धडावर १९६६चा ठसा’ असे लिहून उत्पादनाचे वर्ष स्वतंत्रपणे द्यावे.

शुद्धलेखनापुरते सांगायचे तर, विशेषण म्हणून ‘मूळ’ हा शब्द दीर्घ ऊकारानेच आणि विकार न होता येतो: ‘मूळ खोक्यात’, ‘मूळ रंगाचा’. नाम म्हणून त्याचे सामान्यरूप होताना तो ऱ्हस्व होतो: ‘मुळाशी’, ‘मुळापासून’. ‘मुळ खोके’ हे रूप मात्र कोणत्याच नियमात बसत नाही.