टोपण लावताना सुई टोचली

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी दवाखान्यात मदतनीस आहे. काल सकाळी इंजेक्शन दिल्यावर टोपण लावताना सुई बोटात घुसली. घाबरून बोट तोंडात घातलं, मग स्पिरिट चोळलं. डॉक्टरांना सांगायची भीती वाटते.

उत्तर : अगं, तुझा व्हॉट्सॲप वाचला आणि लगेच फोन केलाच, हे बाकीच्यांसाठी लिहितेय. बोट चोखायचं नाही, पिळायचं नाही, स्पिरिटही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बस्स. आणि तडक डॉक्टरांना सांगायचं. ओरडले तर ओरडू देत. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हाव्या लागतात, ७२ तासांनंतर त्यात अर्थ उरत नाही. लागल्याच तर २८ दिवस घ्यायच्या. सुई कोणत्या पेशंटची होती ते डॉक्टरांना सांग, म्हणजे त्याला विचारून त्याचंही रक्त तपासता येईल.

मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कचऱ्याच्या पिशवीतून टोचली होती. कुणीतरी सुई कापसात गुंडाळून टाकली होती. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत घास गोड लागला नाही.

सगळे एचआयव्हीला घाबरतात, पण लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, धोका त्याहून कितीतरी जास्त. लसीचे तीन डोस : आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. तू एकच घेतलास म्हणालीस, उरलेले घे!

आणि ते टोपण? परत लावायचंच नाही. सुई हब कटरने, म्हणजे सुई मुळाशी कापायच्या छोट्या यंत्राने, कापून पांढऱ्या टणक डब्यात. डबा पाऊण भरला की बंद.