दृश्यीकरण की चित्रण? प्रभाव की परिणाम?

प्रश्न असा आहे : एका संगणकशास्त्रज्ञाचा परिचय मराठीत लिहायचा आहे. त्यात ‘डेटा व्हिज्युअलायझेशन आणि अ‍ॅनालिटिक्समधल्या त्यांच्या संशोधनाचा मोठा इम्पॅक्ट आहे’ असे वाक्य आहे. व्हिज्युअलायझेशनला चित्रण म्हणावे, आलेखन की दृश्यीकरण? आणि इम्पॅक्ट म्हणजे परिणाम की प्रभाव?

पहिल्याचे उत्तर ठामपणे देतो : दृश्यीकरण. या शब्दाचे सगळे बळ त्यातल्या दीर्घ ‘ई’मध्ये आहे. संस्कृत व्याकरणात तिच्यामागे च्वि प्रत्यय आहे आणि त्याचा अर्थ ‘अभूततद्भाव’, म्हणजे जे आधी तसे नव्हते ते तसे होणे. एक नव्हते ते एक केले की एकीकरण, स्पष्ट नव्हते ते स्पष्ट केले की स्पष्टीकरण. तसेच जे दिसण्याजोगे नव्हतेच ते दिसेल असे केले की दृश्यीकरण. (‘दृश्यिकरण’ असे ऱ्हस्व लिहिलेले आढळते, ते चूक.)

हा अर्थ या विषयाला किती नेमका बसतो ते अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांच्या कामात दिसते. १९९० साली मेरिलँड विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत ८० मेगाबाइटची एक हार्ड डिस्क १४ जण मिळून वापरत होते. ती भरून जायची आणि जागा कुणी, कुठे व्यापली आहे ते कळायचे नाही. फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात फायली. या पसाऱ्याला स्वतःचे असे रूपच नव्हते. श्नायडरमन यांनी पडद्यावरचा एक आयत घेतला आणि त्याचे उभे तुकडे पाडले, त्या तुकड्यांचे आडवे, त्यांचे पुन्हा उभे. तुकड्याचे क्षेत्रफळ फायलीच्या आकारमानाच्या प्रमाणात ठेवले. आयतात रिकामी जागा उरत नाही आणि सर्वांत मोठी फाइल डोळ्यांत भरते. हाच ट्रीमॅप. (याला ‘वृक्षनकाशा’ म्हणू नये. वाचकाला झाडांचा नकाशा वाटेल.)

चित्रण ज्याला रूप आहे त्याचे होते : चेहऱ्याचे, प्रसंगाचे. फायलींच्या आकारमानाचे चित्रण कसे करणार? तिथे रूप द्यावेच लागते. आलेखन हा शब्द जवळचा आहे, पण आलेख काढून झाला की आलेखन संपते. इथे काम पुढे चालू राहते. श्नायडरमन यांनी १९९६ साली मांडलेले सूत्र मराठीत असे सांगता येईल : आधी सगळ्यावर नजर, मग जवळ जाणे आणि गाळणे, आणि मागाल तेव्हा तपशील. जवळ जाणारा, गाळणारा, मागणारा हा पाहणारा आहे. दृश्यीकरणातले ‘करण’ त्यालाही सामावून घेते, म्हणूनही मला तो शब्द प्रिय आहे.

डेटाला विदा म्हणा किंवा डेटाच ठेवा, दोन्ही चालते. अ‍ॅनालिटिक्ससाठी साधे ‘विश्लेषण’ बहुतेक ठिकाणी पुरते. ज्ञानशाखा म्हणायची असेल तर विश्लेषणशास्त्र. मात्र ‘व्हिज्युअल अ‍ॅनालिटिक्स’चे ‘दृश्य विश्लेषण’ करू नका, ते नाटकातल्या दृश्याचे विश्लेषण वाटते. जिम थॉमस आणि क्रिस्टिन कुक या संशोधकांनी २००५ साली या शाखेची व्याख्या करताना दृश्य माध्यमातून, संवाद साधत केलेल्या तर्कविचारावर भर दिला होता. तेव्हा ‘दृश्याधारित विश्लेषण’ बरे.

आता इम्पॅक्ट. मराठीत प्रभाव ‘पडतो’ आणि परिणाम ‘होतो’. क्रियापदांतला हा फरकच वाट दाखवतो. प्रभाव माणसांवर, त्यांच्या विचारपद्धतीवर पडतो. वरचे सूत्र पुढच्या संशोधकांनी आपली साधने घडवताना डोळ्यांसमोर ठेवले, हा प्रभाव. परिणाम म्हणजे त्यामुळे जगात झालेला बदल. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या पोलारिस या संशोधन प्रकल्पातून २००३ साली टॅब्लो ही दृश्यीकरणाचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी उभी राहिली आणि प्रोग्रॅम न लिहिणाऱ्यांनाही माऊसने ओढून-सोडून डेटा पाहता येऊ लागला, हा परिणाम. परिचयाच्या शीर्षकात ‘संशोधनाचा प्रभाव’ शोभेल.

वाक्यात मात्र नुसते ‘मोठा प्रभाव आहे’ लिहून थांबणे मला पटत नाही. मोठा म्हणजे काय ते वाचकाला कळतच नाही. मराठी वाक्य क्रियापदावर उभे राहते, तेव्हा काय घडले ते क्रियापदाने सांगावे. श्नायडरमन यांच्याबद्दल मी असे लिहीन : ‘भरलेल्या डिस्कचा हिशेब लावण्यासाठी त्यांनी योजलेली ट्रीमॅपची रीत मार्टिन वॉटनबर्ग यांनी १९९८ साली शेअर बाजाराला लावली आणि शेकडो कंपन्यांची चढउतार एका पडद्यावर दिसू लागली.’ यात इम्पॅक्टसाठी वेगळा शब्द लागलाच नाही. तुमच्या शास्त्रज्ञांच्या संशोधनातली कोणती गोष्ट कुणी उचलली आणि तिचे पुढे काय केले ते शोधा, आणि तेच क्रियापद वाक्यात घाला.