म्युटेशन मोजायच्या आधी मूळ जीन बघ

तुझी मेल मिळाली, बी पेशींच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या) अँटिबॉडी जीन्सच्या सिक्वेन्सची फाईल काल रात्री बसून ओळ न ओळ बघितली. सहाही उंदरांत तीच आठ म्युटेशन्स आली म्हणून तू सिलेक्शन, म्हणजे अँटिजेनला (अँटिबॉडी ज्याला चिकटते त्या पदार्थाला) जास्त घट्ट पकडणाऱ्या पेशींची निवड, झालंय असं लिहिलंस, पण जरा थांब, तुझे उंदीर बाल्ब-सी स्ट्रेनचे (जातीचे) आहेत आणि तू ज्याच्याशी ताडून बघितलंस तो जर्मलाइन जीन (जन्मजात, न बदललेला मूळ जीन) ब्लॅक सिक्स या दुसऱ्या स्ट्रेनचा आहे. या दोन स्ट्रेन्सचे हेवी चेनचे (अँटिबॉडीच्या मोठ्या साखळीचे) व्ही जीन्स, म्हणजे अँटिजेन पकडणारा भाग घडवणारे जीन्स, मुळातच वेगळे, त्यामुळे ती आठ बहुतेक म्युटेशन्स नाहीतच, ते फरक उंदीर जन्मालाच घेऊन आलेत. मी सुरुवातीला अगदी हेच केलं होतं, तीन महिने गेले, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय. त्याच उंदरांच्या, अजून अँटिजेनशी गाठ न पडलेल्या बी पेशींचं सिक्वेन्सिंग कर, तिथेही तेच फरक दिसले तर विषय संपला.

आता समजा खरी म्युटेशन्स उरली. तरी सगळ्या उंदरांत एकच बदल दिसला की लगेच सिलेक्शन म्हणू नकोस. एआयडी, म्हणजे बी पेशींत ही म्युटेशन्स घडवणारं एन्झाईम, सायटोसिनचं (डीएनएतल्या सी या अक्षराचं) युरॅसिल करतं आणि ते कुठेही करत नाही, त्याच्या आवडीच्या जागा ठरलेल्या आहेत, एजीसी ही त्यातली एक, आणि अँटिजेनला चिकटणाऱ्या भागात सेरीन या अमिनो आम्लासाठी नेमका हाच कोडॉन (तीन अक्षरांचा संकेत) बऱ्याचदा असतो. जर्मिनल सेंटरमधे, म्हणजे प्लीहेसारख्या अवयवात बी पेशी भराभर वाढतात त्या जागी, दर विभाजनाला हजार बेसमागे साधारण एक बदल होतो, म्हणजे नेहमीच्या दराच्या जवळपास दहा लाख पट, एवढ्या वेगात एकाच जागी पुन्हा पुन्हा बदल होणारच ना.

मग खरं सिलेक्शन कसं दिसतं? ब्लॅक सिक्सला एनपी (एक छोटा रासायनिक रेणू, इथे अँटिजेन म्हणून) टोचल्यावर व्हीएच१८६.२ या व्ही जीनमधे ३३व्या जागी काय होतं ते बघ. टीजीजीचं टीटीजी, एकच अक्षर, ट्रिप्टोफॅन जाऊन ल्युसीन येतं आणि पकड साधारण दहा पट घट्ट होते. वेगवेगळ्या उंदरांत, वेगवेगळ्या क्लोन्समधे (एकेका पेशीपासून वाढलेल्या गटांमधे) हाच बदल स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा वर येतो, आणि पकड मोजलेली आहे म्हणून तो पुरावा पक्का. मला अजूनही हे बघताना भारी वाटतं, अख्खी उत्क्रांती दोन-तीन आठवड्यांत एका प्लीहेत!

तू हेवी चेनच्याच जेएच४ या जीन-तुकड्याच्या पुढचा इन्ट्रॉनपण सिक्वेन्स कर. तिथून प्रोटीन बनत नाही, म्हणजे सिलेक्शनचा हात लागत नाही, नुसती म्युटेशन कशी पडते ते कळतं. पीसीआरमधे (डीएनएच्या प्रती काढताना) होणाऱ्या चुकांबद्दल फोनवर बोलू. आणि क्लोनचं झाड आधी कागदावर हाताने काढ, सॉफ्टवेअर नंतर, मूळ सिक्वेन्स खाली लिहून एकेका फांदीवर कुठला बदल आला ते मांड, आणि फोटो मला पाठव.