चुंबन घेताना दात आपटतात

प्रश्न : लग्नाला चार महिने झाले. मी २७ वर्षांची, नवरा ३० वर्षांचा. चुंबन घेताना आमचे दात आपटतात, त्याची दाढी टोचते, मला श्वास घेता येत नाही. त्याला वाईट न वाटू देता हे कसं सांगू?

उत्तर : दात आपटतात ते घाईमुळे. दोघंही एकदम पुढे येता आणि तोंड आधीच उघडं असतं. एकानं थांबावं, दुसऱ्यानं जवळ यावं. दोघांनी मान आपापल्या उजवीकडे किंचित कलवली की नाकं आड येत नाहीत. सुरुवात मिटल्या ओठांनी. मग त्याचा खालचा ओठ आपल्या दोन ओठांत अलगद धरायचा, दोन-तीन सेकंदांनी सोडायचा. जीभ नंतर, तीही टोकापुरती. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. श्वास नाकानं घ्यायचा. सर्दी असेल त्या दिवशी कपाळावर भागवा!

दाढीचे खुंट कापल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त टोचतात. एक तर रोज गुळगुळीत, नाहीतर नीट वाढलेली.

तोंडाला वास येत असेल तर जिभेचा मागचा भाग घासा. लसणाचा वास मात्र रक्तातून श्वासात उतरतो, ब्रशनं जात नाही. दोघांनीही ठेचा खाल्ला असेल तर प्रश्नच मिटला. ओठावर पाण्याचे बारीक फोड आले असतील तर खपली पडून कातडी बरी होईपर्यंत चुंबन टाळा, संसर्ग होतो.

आणि सांगायचं ते त्याच क्षणी, "मघाशी हळू केलंस ना, तसंच कर."