वाचकांचे प्रश्न : बंदिस्त कोर्टवरचे चॅलेंजर टेनिस

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये ब्रातिस्लाव्हा, हेलसिंकी, शॅम्पेन अशा शहरांत बंदिस्त कोर्टवर एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिस संघटना) चॅलेंजर स्पर्धा भरतात. त्या दुय्यम स्तराच्या मानल्या जातात आणि तिथे मोठी नावेही क्वचितच दिसतात. तरीही क्रमवारीत शंभराच्या आसपास असलेले खेळाडू हंगामाच्या अखेरीस, दमलेले असतानाही, तिथे इतक्या ईर्ष्येने का खेळतात?

उत्तर : याचे उत्तर जानेवारीतल्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये आहे. ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीत 128 खेळाडू असतात आणि त्यांतील 104 जणांना क्रमवारीच्या आधारे थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या 24 जागांपैकी 16 पात्रता फेरीतून आणि 8 वाईल्ड कार्डने, म्हणजे आयोजकांच्या खास निमंत्रणाने, भरल्या जातात. थेट प्रवेशाची यादी स्पर्धेच्या सुमारे सहा आठवडे आधी, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला ठरत असल्यामुळे नोव्हेंबरमधील चॅलेंजर स्पर्धा ही क्रमवारी सुधारण्याची जवळजवळ शेवटची संधी असते. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खेळाडूलाही 1 लाख 32 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. स्वतःच्या खर्चाने प्रशिक्षक सोबत घेऊन फिरणाऱ्या खेळाडूचा पुढील वर्षाचा बराचसा खर्च एवढ्या रकमेत निघू शकतो.

चॅलेंजर स्पर्धांच्या 50, 75, 100, 125 आणि 175 अशा श्रेणी आहेत आणि श्रेणीचा आकडा म्हणजेच विजेत्याला मिळणारे क्रमवारीचे गुण. हे गुण 52 आठवडेच टिकतात. त्यामुळे दरवर्षी त्याच सुमारास होणाऱ्या स्पर्धेत गतविजेता उतरतो, तेव्हा त्याचे गेल्या वर्षीचे गुण गळण्याच्या बेतात असतात आणि पहिल्या फेरीतील पराभवाने तो थेट प्रवेशाच्या रेषेखाली घसरू शकतो. म्हणूनच माझ्या मते अशा स्पर्धेत अंतिम सामन्यापेक्षा पहिल्या दोन फेऱ्या अधिक पाहण्याजोग्या असतात. वरची चढण चढणारा तरुण आणि आपली जागा राखू पाहणारा तिशीतला खेळाडू तिथे समोरासमोर येतात आणि दोघांनाही तो सामना तितकाच हवा असतो.

इटलीच्या यानिक सिनरची वाटचालही याच स्तरावरून झाली. फेब्रुवारी 2019 मध्ये इटलीतील बर्गामो येथे बंदिस्त कोर्टवर, वयाच्या सतराव्या वर्षी, वाईल्ड कार्डवर प्रवेश मिळवून त्याने पहिले चॅलेंजर विजेतेपद पटकावले, तेव्हा तो क्रमवारीत तीनशेच्याही खाली होता. जून 2024 मध्ये तो जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचला.

प्रश्न : छताखाली खेळ खरोखरच बदलतो, की हा केवळ समालोचकांचा समज आहे?

उत्तर : खरोखरच बदलतो, आणि सर्वांत आधी तो सर्व्हिसमध्ये बदलतो. उघड्या कोर्टवर वारा आणि ऊन यांचा अंदाज घेऊन सर्व्हिससाठी चेंडूची वरची फेक थोडी पुढे-मागे करावी लागते, तर छताखाली हात प्रत्येक वेळी चेंडू त्याच जागी सोडू शकतो. साहजिकच पहिली सर्व्हिस अधिक निर्धास्तपणे मारता येते, बिनतोड सर्व्हिस वाढतात आणि अनेक सेट टायब्रेकपर्यंत ताणले जातात. मात्र वाऱ्याअभावी परताव्याचा फटकाही अचूक बसतो, हे आपण सहसा विसरतो. चेंडू लवकर, उसळी घेत असतानाच मारणाऱ्या खेळाडूला बंदिस्त कोर्ट फार मानवते. मागे उभे राहून उंच फिरकीवर भिस्त ठेवणाऱ्याचे मात्र तिथे हाल होतात, कारण छोट्या सभागृहांत कोर्टमागे मोकळी जागाही बेताचीच असते.

एक गोष्ट मुद्दाम पाहावी. चेंडू पहिल्यांदा 7 गेमनंतर आणि पुढे दर 9 गेमनंतर बदलले जातात. नवा चेंडू घेतलेला खेळाडू सर्व्हिसपूर्वी तो उंच धरून प्रतिस्पर्ध्याला दाखवतो. लव न फुगलेला हा चेंडू अधिक वेगाने जातो, आणि समोरचा खेळाडू जाणकार असेल तर तो त्याच क्षणी अर्धे पाऊल मागे सरकतो. कार्पेटवर, म्हणजे कोर्टवर अंथरलेल्या कृत्रिम पृष्ठभागावर, हा फरक आणखी जाणवे. एटीपीच्या मुख्य दौऱ्यातून कार्पेट 2009 पासून गेले, पण जर्मनीतील एकेंटाल आणि इस्मानिंग येथील चॅलेंजर स्पर्धांत त्यानंतरही त्यावर सामने झाले.

प्रश्न : लॉब (प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून जाणारा उंच फटका) मारताना चेंडू छताला लागला तर तो गुण पुन्हा खेळतात का?

उत्तर : नाही. छत आणि दिवे ही नियमानुसार कायमस्वरूपी वस्तू आहेत. जमिनीवर पडण्यापूर्वी चेंडू त्यांना लागला, तर फटका मारणारा तो गुण गमावतो, मग चेंडू नंतर कोर्टच्या आत पडला तरीही. सर्व्हिस छताला लागल्यास ती चूक धरली जाते आणि पहिली सर्व्हिस असेल तर दुसरी मिळते.