स्पॅनिश शिकताना मध्ये इंग्रजी कशाला?

अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही निबंध वाचले. ए2 या प्राथमिक पातळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं आणि बी1 या त्यावरच्या पातळीला येऊन अडलं, हे दिसतंच आहे. अभ्यास कमी पडलेला नाही. मनात मराठी वाक्य येतं, त्याचं इंग्रजी होतं आणि त्या इंग्रजीचं स्पॅनिश; चुका या मधल्या फेऱ्यात शिरतात. पाठ्यपुस्तक इंग्रजीतून समजावतं म्हणून ही सवय लागते. ती मोडायची. निम्मं व्याकरण तुला घरून मिळालेलं आहे. उरलेल्यात मराठीच फसवते, तेवढ्या जागा ओळखून ठेव. (स्पॅनिश देवनागरीत लिहितोय, उच्चार डोळ्यासमोर राहावा म्हणून.)

आधी फुकटात मिळणारं. 'मला मासे आवडतात' यात क्रियापद माशांच्या मागे जातं, माझ्या नाही. 'मे गुस्तान लोस मांगोस' तसंच चालतं: आंबे अनेक म्हणून 'गुस्तान'. 'माझं डोकं दुखतं' या घरातल्या वाक्यालाही हाच साचा वापरून बघ. माणसाच्या कर्माआधी येणाऱ्या 'आ'चं पुस्तकात पानभर स्पष्टीकरण असतं. तू फक्त 'ला' ऐक. 'समुद्र पाहिला' म्हणजे 'बी एल मार'. 'आजीला पाहिलं' म्हणजे 'बी आ मी आबुएला'. 'डॉक्टर शोधतोय' म्हटलं की कुणीही चालेल, म्हणून 'बुस्को उन मेदिको'. 'डॉक्टरांना शोधतोय' म्हटलं की ठरावीक डॉक्टर, म्हणून 'बुस्को आल मेदिको'. इंग्रजीत हा फरक क्रियापदाजवळ दिसतच नाही.

दोन भूतकाळांचंही तेच. 'रोज बंदरावर जायचो' हे 'इबा', 'काल बंदरावर गेलो' हे 'फुई'. '-यचो', '-त होतो' आलं की अपूर्ण भूतकाळ, हे नव्वद टक्के वेळा जुळतं. अडतं ते नुसत्या 'होतो'पाशी. 'आम्ही दोन वर्षं रत्नागिरीत होतो' यात काळ मोजून संपवला आहे, म्हणून 'एस्तुबिमोस'. 'आम्ही रत्नागिरीत होतो तेव्हा आजी वारली' यात 'होतो' ही मागची पार्श्वभूमी, म्हणून 'एस्ताबामोस'. मराठी दोन्हीकडे एकच रूप देते. इथे स्वतःला विचारायचं, काळ बंद झाला की उघडा आहे?

याचा सराव हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावावर कर. संध्याकाळी होड्या लागतात तिथे अर्धा तास उभा राहा आणि घरी येऊन बारा वाक्यं लिही. आठ वाक्यांत चाललेलं दृश्य: होड्या येत होत्या, बायका टोपल्या मांडत होत्या, बोली वाढत होती. चार वाक्यांत घडलेलं: पाऊस आला, एकाने बोली सोडली, सुरमई दुसऱ्याला गेली. 'ला हेंते ग्रिताबा, इ दे रेपेंते एम्पेसो आ योबेर' हा पाया. 'लोक' आपल्याकडे अनेकवचनी, 'हेंते' मात्र एकवचनी, म्हणून 'ग्रिताबान' लिहिलंस तर लाल शाई ठरलेली.

आता मराठी कुठे फसवते. सर्वांत मोठा खड्डा भविष्याबद्दल बोलतानाचा. 'पोचलास की कळव' यात भूतकाळाचं रूप, पण गोष्ट पुढची. तू 'क्वांदो येगास्ते' लिहिलंस. हवं होतं 'क्वांदो येगेस, आबीसामे'. 'पाऊस पडला तर जाणार नाही' हेही तसंच: 'सी य्वेबे, नो बोय'. 'सी'नंतर साधा वर्तमान, ना भूत ना भविष्य. 'क्वांदो' (जेव्हा) आणि 'सी' (जर) यांची वाक्यं वेगवेगळ्या पानांवर लिही, शेजारी ठेवली की गल्लत होते.

इच्छार्थी रूपांना घाबरण्याचं कारण नाही. 'तू यावंस अशी आईची इच्छा आहे' यातलं '-वंस' हाच इशारा, 'किएरे के बेंगास'. पण 'तो येईल असं वाटत नाही' यात '-वं' नाही आणि स्पॅनिशला तरी इच्छार्थी हवं: 'नो क्रेओ के बेंगा'. नकार आणि शंका यांची अशी वाक्यं पाठच करावी लागतात, दुसरी वाट नाही.

आणखी तीन चुका तुझ्या निबंधात पुन्हा पुन्हा आहेत. 'मी येतो असं तो म्हणाला' याचं 'दिहो के बेंगो' केलंस तर येणारा तू ठरतोस! तिथे 'दिहो के बेनिया'. 'सर आले आहेत' हा आदर स्पॅनिशमध्ये क्रियापदावर चढत नाही. 'एल प्रोफेसोर आ येगादो', 'आन' नव्हे. आणि 'पुस्तक आणलंस का?' याला आपण नुसतं 'आणलं' म्हणतो, ते 'लो' गाळून चालत नाही: 'सी, लो ए त्राईदो'.

उच्चारात मात्र मराठी जिभेचा फायदा सोडू नकोस. 'तोमाते'तला त आपला दंत्य त. 'ट' इंग्रजीतून येतो. 'मान्याना'तले तिन्ही 'आ' सारखेच स्पष्ट, एकाचाही 'अ' नको. 'मुचो'तला च 'चार'चा, 'चमचा'चा नव्हे. 'पेरो' आणि 'पेर्रो' यांतला र लांबवायची मेहनत तेवढी घ्यावी लागेल. गावात कुणी कोर्लई गावातली क्रिओल (मिश्र) पोर्तुगीज बोली किंवा पोर्तुगीजमधून आलेले आपले पाव, चावी, साबण यांचे दाखले देईल. गंमत म्हणून ऐक, बी1 ला त्याने फार हाती लागत नाही.

ऐकण्यासाठी दोन मिनिटांची एकच ध्वनिफीत घे. तीनदा मजकुराविना ऐक, ऐकलेलं लिही, मग मजकुराशी ताडून बघ. चुकलेल्या जागा बहुधा शब्द जुळल्याने चुकतात: 'बा आ आब्लार' हे कानावर 'बाब्लार' पडतं. अनोळखी शब्द त्यामानाने कमी असतात. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही रुसतात, म्हणून आठवड्याचा साठा आधीच उतरवून ठेव. बोलायला जोडीदार शोधताना घड्याळ बघ. आपल्या रात्री साडेनऊला स्पेनमध्ये हिवाळ्यात संध्याकाळचे पाच, उन्हाळ्यात सहा वाजलेले असतात. मेक्सिको सिटी साडेअकरा तास मागे, त्यामुळे सकाळी साडेसातला तिथे आदल्या रात्रीचे आठ.

'देले' ही स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा बी1 पातळीची द्यायची असेल तर गुणांची मांडणी समजून घे. वाचन आणि लेखन हा एक गट, श्रवण आणि संभाषण हा दुसरा. प्रत्येकी 50 गुण, आणि दोन्हींत वेगवेगळे किमान 30 हवेत. वाचनात कितीही कमावलंस तरी दुसऱ्या गटातली तूट भरून निघत नाही. लेखनाला 60 मिनिटं आणि दोन मजकूर असतात. तुझा वेळ पहिल्यातच संपतो. पहिल्याला 25 मिनिटं बांधून टाक, शेवटची पाच क्रियापदं तपासायला ठेव.

लिलावाची बारा वाक्यं रविवारपर्यंत पाठव. एक ओळ सोडून लिही, दुरुस्तीला जागा लागते. प्रत्येक भूतकाळी क्रियापदाखाली ते तसं का निवडलं हे दोन शब्दांत मराठीतच लिही, इंग्रजीत नको.