न्यूपोर्ट बीचच्या फाटकबंद वसाहतीत घर घेताना जादा पैसा नेमका कशाचा जातो?

आपली बहीण आणि मेहुणे कॅलिफोर्नियात इर्व्हाइनला राहतात आणि आता शेजारच्या न्यूपोर्ट बीचमध्ये पहारा असलेल्या एका फाटकबंद वसाहतीत घर पाहत आहेत, असे आपण लिहिले आहे. काही मैलांवर तेवढेच मोठे घर बऱ्याच कमी पैशांत मिळत असताना हा वरचा पैसा कशासाठी मोजायचा, आणि तो मोजणे शहाणपणाचे आहे का, हा आपला प्रश्न. मी इस्टेट एजंट नाही. इर्व्हाइन आणि न्यूपोर्ट बीच ज्या जिल्ह्यात येतात त्या ऑरेंज काउंटीतल्या घरमालक संघटनांसाठी राखीव निधीचे अहवाल तयार करणे हे माझे काम आहे. म्हणजे वसाहतीचे रस्ते, भिंती, फाटके, तलाव, दिवे आणि पाण्याचे नळ अजून किती वर्षे टिकतील आणि ते बदलायला किती पैसा लागेल, याचा हिशेब मी मांडतो. त्यामुळे या वसाहती मी दिवाणखान्यातून कमी आणि गटारांच्या झाकणांजवळून जास्त पाहिल्या आहेत. माझे उत्तर त्या जागेवरून दिलेले आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

सुरुवात जमिनीपासून करावी लागेल, कारण या गावच्या किमतींचे मूळ तिथे आहे. न्यूपोर्ट बीच शहर म्हणून १९०६ साली स्थापन झाले, परंतु त्याच्या आजूबाजूची डोंगराळ जमीन त्याच्या कितीतरी आधीपासून एकाच घराण्याकडे होती. जेम्स इर्व्हाइन याने एकोणिसाव्या शतकात, आधी भागीदारांसह आणि पुढे एकट्याने, जुन्या स्पॅनिश आणि मेक्सिकन काळातल्या जहागिऱ्या एकत्र करून जो मळा उभा केला, तो एक लाख एकरांहून मोठा होता. हा मळा तुकडे होऊन विकला गेला नाही. १९६० च्या सुमारास वास्तुविशारद विल्यम परेरा याच्याकडून त्याचा आराखडा करून घेण्यात आला, विद्यापीठासाठी जागा देण्यात आली, आणि पुढे १९७७ साली या जमिनीची मालक असलेली इर्व्हाइन कंपनी विकत घेणाऱ्या गटातला डॉनल्ड ब्रेन १९८३ मध्ये तिचा प्रमुख मालक झाला. एकाच मालकाच्या हाती एवढा किनारा असल्यामुळे कोणत्या टेकडीवर घरे होतील, कोणती मोकळी राहील आणि दुकाने कुठवर येतील हे आधीच ठरले. पेलिकन हिल, पेलिकन क्रेस्ट, क्रिस्टल कोव्ह ही नावे आपल्या बहिणीच्या यादीत असतील, तर ती सगळी या नियोजनाची अपत्ये आहेत. हा न्यूपोर्ट कोस्टचा भाग शहराच्या हद्दीत तर २००२ मध्ये आला.

म्हणून माझ्या मते खरेदीदार ज्याचे पैसे मोजतो ती गोष्ट फाटक नाही, समोरच्या जागेवर उद्या काही उभे राहणार नाही ही खात्री आहे. याचा पडताळा पाहायचा असेल तर बाल्बोआ बेटावर जावे. तिथे फाटक नाही, पहारेकरी नाही, बेटाच्या कडेने फिरणारी पायवाट कोणालाही खुली आहे, १९१९ पासून चालणाऱ्या छोट्या फेरीबोटीतून दिवसभर पर्यटक उतरत असतात, आणि घरे एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातले बोलणे ऐकू यावे. तरीही त्या चिंचोळ्या भूखंडांची किंमत डोंगरावरच्या पहारेबंद वसाहतींच्या तोडीस तोड असते. बंधारा आणि पाणी यांनी वेढलेल्या बेटावर नवी जागा निर्माण होऊ शकत नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

फाटकाचा उपयोग अगदीच नाही असे मी म्हणणार नाही. रहदारी कमी होते, मुले रस्त्यावर सायकल चालवू शकतात, आणि लिंडा आयल किंवा हार्बर आयलंडसारख्या छोट्या बेटांवर, जिथे पहिल्यावर शंभरेक आणि दुसऱ्यावर जेमतेम तीसेक घरे आहेत, अनोळखी माणूस लगेच ओळखू येतो. पण त्या पहारेकऱ्याचा चोवीस तासांचा पगार घरांच्या संख्येने भागून पाहावा. तीनशे घरांत तो जाणवत नाही; तीस घरांत तो दरमहा खुपतो.

आता समुद्राबद्दल, कारण इथे भारतीय खरेदीदारांचा हमखास गैरसमज होतो. कॅलिफोर्नियात सरासरी भरतीरेषेच्या खालचा किनारा कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही. तो जनतेचा असतो. १९७२ च्या सार्वमतातून किनारा आयोग निर्माण झाला आणि १९७६ च्या किनारा कायद्याने त्याला कायमचे स्थान दिले, त्यामुळे किनारपट्टीच्या पट्ट्यात घर वाढवणे, संरक्षक भिंत बांधणे किंवा जुने पाडून नवे उभारणे यांसाठी वेगळी परवानगी लागते. क्रिस्टल कोव्ह वसाहतीतली घरे किनाऱ्याने जाणाऱ्या महामार्गाच्या डोंगराकडच्या बाजूला आहेत. समुद्राकडची सुमारे तीन मैलांची पट्टी राज्याने १९७९ मध्ये इर्व्हाइन कंपनीकडून विकत घेऊन उद्यान केली. त्या उद्यानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ४६ जुन्या लाकडी कुटिरांचा समूह आहे आणि दुरुस्त झालेली कुटिरे सामान्य माणसाला रात्रीपुरती भाड्याने मिळतात. म्हणजे करोडोंच्या घराच्या गच्चीतून जो सूर्यास्त दिसतो, तोच खाली आरक्षण मिळालेल्या माणसाला अधिक जवळून दिसतो. मला स्वतःला ही व्यवस्था फार आवडते, पण विक्रीच्या माहितीपत्रकात ती अर्थातच या शब्दांत छापलेली नसते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लगूना बीचच्या वेशीवरच्या एमराल्ड बे आणि इर्व्हाइन कोव्ह या वसाहतींच्या खालचा ओला किनारा कायद्याने सार्वजनिकच आहे, पण तिथवर नेणारी जमीन खाजगी असल्यामुळे बाहेरच्या माणसाला पाण्यातून यावे लागते. हक्क आहे, वाट नाही. या जिल्ह्यातली खरी समुद्री खासगी मालकी अशा पळवाटेवर उभी आहे.

खाडीकाठच्या घरांचा प्रकार आणखी वेगळा. घरासमोर बोटीचा धक्का असतो, आणि मालकाला तो आपलाच वाटतो. पण खाडीखालची बरीचशी जमीन राज्याच्या वतीने शहराकडे विश्वस्त म्हणून आहे आणि धक्क्यासाठी शहराला भाडे द्यावे लागते. २०१२ मध्ये शहराने हे भाडे वाढवले तेव्हा काही रहिवाशांनी नाताळातल्या सजवलेल्या बोटींच्या मिरवणुकीवर बहिष्काराची हाक दिली होती. याच गावात पूर्वी इर्व्हाइन कंपनीने अनेक निवासी भूखंड विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले होते, आणि पट्ट्यांच्या फेरआकारणीची वेळ आली तेव्हा वाढलेल्या जमिनीच्या भावाने भाडे मागितल्यावर लोक हादरले होते. घराखालची जमीन मालकीची आहे की पट्ट्याची, हा प्रश्न इथे अजूनही पहिल्या दिवशीच विचारावा.

यानंतर घरमालक संघटना. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीशी तिचे साम्य वाटते, पण तिचा हात जास्त लांब पोहोचतो. १९८५ च्या डेव्हिस–स्टर्लिंग कायद्याखाली ती चालते आणि घराच्या खरेदीबरोबर तिचे सभासदत्व आपोआप येते, नाकारता येत नाही. भिंतीचा रंग, छपराची कौले, झाडाची उंची, गाडी कुठे उभी करावी, हे सारे तिच्या नियमपत्रात असते; बाहेरून दिसेल असा कोणताही बदल करायचा तर तिच्या वास्तुसमितीची मान्यता घ्यावी लागते. समोरच्याचे झाड माझा समुद्र झाकते या वादावर इथे जेवढी पत्रे लिहिली जातात, तेवढी अन्य कशावर लिहिली जात नसावीत. मात्र राज्याने तिच्यावर काही लगाम घातले आहेत. सौर पॅनेल ती सरसकट बंद करू शकत नाही. दुष्काळाच्या आणीबाणीत हिरवळीला पाणी घातले नाही म्हणून दंड करू शकत नाही. आणि २०२० पासून दारावर किंवा चौकटीवर धार्मिक चिन्ह लावण्यास, ठरावीक आकारापर्यंत, मनाई करता येत नाही, त्यामुळे श्रद्धेने लावलेल्या छोट्या तोरणाची चिंता बहिणीने करू नये. दारासमोर आकाशकंदील महिनाभर ठेवायचा असेल तर मात्र नियमपत्र वाचावे.

हे नियमपत्र हाती येते तेव्हा त्याच्या वर एक पान जोडलेले असते. वंश, धर्म, वर्ण इत्यादींवरून कोणाला मज्जाव करणारे कलम या दस्तऐवजात असल्यास ते रद्दबातल आहे, असा त्याचा आशय. अशी कलमे अमेरिकेतल्या जुन्या वसाहतींच्या दस्तांत सर्रास असत. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांमार्फत त्यांची अंमलबजावणी थांबवली आणि १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतला भेदभावच बेकायदा ठरवला. ‘निवडक’ हा शब्द या किनाऱ्यावर एकेकाळी कोणत्या अर्थाने वापरला जात होता, ते त्या एका पानावरून कळते. आज निवड पैशावर होते.

आता माझ्या कामाचा विषय, आणि त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. फाटकाच्या आतले रस्ते खाजगी असतात, म्हणजे ते शहर दुरुस्त करत नाही. डांबर, पदपथ, पावसाळी गटारे, उतार धरून ठेवणाऱ्या भिंती, या सगळ्यांचे आयुष्य संपते, आणि कायद्यानुसार संघटनेने निदान तीन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष पाहणी करून राखीव निधीचा अभ्यास करवून घ्यावा लागतो. अहवालात एक टक्केवारी असते: आजवर झालेल्या झिजेच्या मानाने किती पैसा प्रत्यक्षात जमा आहे. कायद्याने ती शंभर असण्याची सक्ती नाही. त्यामुळे मासिक वर्गणी कमी ठेवून लोकप्रिय राहू पाहणारे संचालक मंडळ हा निधी वर्षानुवर्षे अर्धा रिकामा ठेवू शकते, आणि ठेवते. श्रीमंत वसाहतीत असे होत नसेल, हा माझा सुरुवातीचा समज पहिल्या वर्षातच गळून पडला. एका टेकडीवरच्या वसाहतीत आधारभिंतीमागचा पाणी निचरा बुजला होता. तीन अहवालांत तसे नोंदवूनही मंडळाने खर्च पुढे ढकलला, एका ओल्या हिवाळ्यात भिंत पुढे झुकली, आणि प्रत्येक घराला जी विशेष आकारणी आली तिच्यात एक चांगली मोटार आली असती. वार्षिक वर्गणी सभासदांच्या मतदानाशिवाय वीस टक्क्यांपर्यंत वाढवता येते, आणि तातडीच्या दुरुस्तीसाठी ती मर्यादाही ओलांडता येते, हे कागद वाचताना ध्यानात ठेवावे. क्लबाचे सभासदत्वही वेगळे धरावे. बिग कॅन्यनसारख्या ठिकाणी गोल्फचे मैदान खिडकीतून दिसले म्हणजे त्यावर खेळता येते असे नाही.

कराबद्दल थोडक्यात: १९७८ च्या सार्वमतात मंजूर झालेल्या तेराव्या प्रस्तावामुळे मालमत्ता कर खरेदी किमतीच्या मुख्यतः एक टक्का असतो आणि करपात्र मूल्य वर्षाला फार तर दोन टक्के वाढते. म्हणून तीस वर्षांपूर्वी आलेला शेजारी आपल्या बहिणीच्या करातला लहानसा हिस्साच भरत असेल. नव्या वसाहतींत काही ठिकाणी १९८२ च्या मेलो–रूस कायद्याखालचा, सार्वजनिक सोयींसाठीचा विशेष करही असतो. तो घराच्या कराच्या बिलावर वेगळ्या ओळीत छापलेला दिसतो.

विम्याकडे मात्र लोक शेवटी वळतात, आणि ते सर्वांत आधी पाहायला हवे. समुद्राकडे तोंड केलेल्या या टेकड्यांची पाठ कोरड्या झुडपांच्या रानाला लागलेली आहे. २७ ऑक्टोबर १९९३ च्या लगूनाच्या वणव्यात शेकडो घरे जळाली, त्यांत एमराल्ड बे मधली कित्येक होती. ११ मे २०२२ रोजी लगूना निगेलमध्ये एका फाटकबंद वसाहतीतली वीस घरे काही तासांत गेली. तेव्हा समुद्राकडून वाराही येत होता, पण तोच आगीला डोंगरावर घेऊन चढला. अशा भागांत अनेक विमा कंपन्या आता नवीन पॉलिसी देत नाहीत, आणि कोणीच दिली नाही तर राज्यातल्या कंपन्यांनी मिळून चालवलेली फेअर प्लॅन ही शेवटची सोय उरते. तिची घरासाठीची मर्यादा तीस लाख डॉलर आहे. मोठ्या घराची पुनर्बांधणी त्यात होत नाही, वरचा भाग वेगळ्या पॉलिसीने भरावा लागतो. घर पसंत पडल्याच्या दिवशीच विम्याचा लेखी भाव मागवावा, सौदा पक्का झाल्यावर नव्हे.

घ्यावे की नाही, याचे उत्तर मी असे देईन. मेहुण्यांना दृश्य, शांत रस्ते आणि शेजाऱ्याच्या घराचा रंगही बदलणार नाही अशी स्थिरता हवी असेल, आणि स्वतःच्या घराचा रंगही बदलता येणार नाही याचे दुःख नसेल, तर जादा पैसा वाया जात नाही. समुद्र किंवा सुरक्षितता विकत घेतो आहोत असे त्यांना वाटत असेल, तर दोन्ही इर्व्हाइनमध्ये राहून, उद्यानाचे पार्किंगचे पैसे भरून मिळतात. सही करण्यापूर्वी संघटनेच्या संचालक मंडळाच्या गेल्या बारा महिन्यांच्या सभांची इतिवृत्ते मागावीत. खरेदीदाराला ती मागता येतात, आणि भिंती, गळत्या, खटले सगळे त्यांत सापडते.

आणि घर पुन्हा एकदा पाहावे, एजंट नेतो त्या दुपारी नव्हे. अभिनेता जॉन वेन आयुष्याची अखेरची वर्षे न्यूपोर्टच्या बेशोअर्स या फाटकबंद वसाहतीत राहिला, आणि १९७९ मध्ये त्याच्या निधनानंतर जवळच्या विमानतळाला त्याचे नाव देण्यात आले. त्याच विमानतळावरून उडणारी विमाने खाडीवरून समुद्राकडे जातात. रात्रीच्या प्रवासी उड्डाणांना बंदी आहे, त्यामुळे साठलेली रांग सकाळी सातला सुटते. खाडीजवळचे घर असेल तर कामाच्या दिवशी त्या वेळी अंगणात अर्धा तास उभे राहून यावे.